गोदाम इलेव्हनचे मैदान बंद होते त्याबद्दल

नाव विधी पारस छाजेड, वय २३ वर्षे, व्यवसाय लहान मुलांच्या शिकवण्या, राहणार सरकीच्या गोदामाशेजारी, देवपूर, धुळे. दिनांक ७/११/२०२५.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई, वडील पारस व आजी सायरबाई यांच्यासह राहते. गोदामामागील मोकळी जागा माझे आजोबा कै. अभयकुमार यांनी १९७९ साली गल्लीतील मुलांना फुटबॉल खेळण्यासाठी तोंडी दिली. लेखी काही नाही. त्यातून गोदाम इलेव्हन हा क्लब सुरू झाला.

आजोबांची एकच अट होती. आम्ही जैन आहोत. चातुर्मासात गवतात जीवजंतू असतात, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून आषाढ चतुर्दशीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत मैदानात कोणी उतरायचे नाही. क्लबमध्ये आमच्या समाजाचे कोणी नव्हते, तरी सर्वांनी ही अट आजपर्यंत पाळली. स्पर्धा बहुतेक पावसाळ्यात असतात, त्यामुळे क्लबला कधी मोठे बक्षीस मिळाले नाही. चाळीसगावची टीम विचारायची, "काय हो, तुमचा गोलकीपर उपवासाला बसला का?" त्यावर उखर्डू पुना माळी, वय ६७, जे पहिल्या दिवसापासून क्लबमध्ये आहेत व मुलांना शिकवतात, ते अहिराणीत म्हणायचे, "आमनं मैदान झोपेल शे, मरेल नही." म्हणजे झोपलेले आहे, मेलेले नाही. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

आजोबा २०२१ साली वारले. वडिलांना त्या जागेवर प्लॉट पाडायचे आहेत.

दिनांक १८/८/२०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास जागेच्या वापराची पाहणी करण्यासाठी महापालिकेचे दोन कर्मचारी आले. गवत गुडघ्याइतके होते. वडील मला म्हणाले, "जे दिसतंय तेवढंच सांग." त्यांनी मला खोटे बोलायला सांगितले नाही. एका कर्मचाऱ्याने विचारले, "ताई, इथं कोणी खेळतं का?" मी "नाही" म्हणाले. पाहणीचा दिवस कोणी ठरवला हे मी ऐकलेले नाही, म्हणून सांगत नाही. त्यांनी लिहिलेला कागद मी दोनदा वाचला. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. मी सही केली.

त्यानंतर दहा दिवसांत संवत्सरी आली. मी घरातील व शेजारच्या सर्वांची क्षमा मागितली. आबांकडे गेले नाही.

काल दिनांक ६/११/२०२५ रोजी, म्हणजे मैदान उघडण्याच्या दिवशी, सकाळी सातला मी गच्चीवर होते. आबा व खेळाडू रेषा आखायला चुन्याची पोती घेऊन आले. तोपर्यंत जेसीबीने एका बाजूचा गोलपोस्ट पाडला होता. आबांनी दुसऱ्या बाजूचा खांब धरला. वडील म्हणाले, "आबा, सोडा तो खांब. इथं कोणी खेळत नाही, माझ्या पोरीनं सही केलीय." आबांनी वर पाहिले व म्हणाले, "विधी, तू खोटं बोलनी नही. पन बठ्ठं बी बोलनी नही." बठ्ठं म्हणजे सगळे. चालकाने मशीन बंद केले होते, परंतु खांब आधीच हललेला असल्याने पडला व आबांच्या उजव्या मनगटाला लागला. कोणी ढकलल्याचे मी पाहिलेले नाही. मी खाली गेले नाही.

वडिलांनी आबा व खेळाडू यांच्याविरुद्ध विनापरवाना घुसल्याची तक्रार दिली आहे. त्यासोबत माझ्या सहीचा कागद जोडला आहे. त्याबाबत माझे म्हणणे असे की, चार महिने तेथे कोणी खेळत नाही ते आमच्याच अटीमुळे. वडिलांना ती माहीत आहे. त्यांनीही कार्तिक पौर्णिमा होईपर्यंत जेसीबी आणला नाही व गवताला हात लावू दिला नाही.

क्लबची वही मी हजर करीत आहे. ती आजोबांच्या कपाटात होती. आज सकाळी आजीने कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली व ती सामायिकला, म्हणजे रोजच्या ध्यानाला बसली. वहीत दरवर्षी "मैदान बंद" व "मैदान उघडले" अशा दोन नोंदी आहेत. मला अक्षरे आजोबांनी घरी याच वहीवर शिकवली. गेल्या अकरा वर्षांच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत. या वर्षीची "मैदान बंद" ही नोंद मी जुलैमध्ये केली आहे. म्हणजे १८ ऑगस्टला मला सर्व माहीत होते. या वर्षीची दुसरी नोंद झालेली नाही. ती जागा कोरी आहे.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मी येथे आल्याचे वडिलांना माहीत नाही. आज घरी गेल्यावर मी स्वतः सांगणार आहे. माझा पत्ता वर लिहिल्याप्रमाणे आहे. बदलल्यास येऊन कळवीन.

हा जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतःही वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे व या वेळी पूर्ण आहे.

सही
विधी पारस छाजेड