मंडपवालीचं ग्राफिक कार्ड

...आणि वरून म्हणतो, "काकू, कार्ड एकटं भेटत नाही!" आता तुम्हीच सांगा, ग्राफिक कार्ड म्हणजे काय सासरी निघालेली नवरी आहे, की सोबत पाठराखीण पाहिजे? कार्ड पाहिजे तर सोबत त्यांचाच कॉम्प्युटरचा डबा घ्या, त्यांचाच कीबोर्ड घ्या, आणि एक खुर्ची घ्या. खुर्ची! आमचा धंदा मंडप डेकोरेशनचा, मूर्तिजापूरला. गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या थप्प्या पार पत्र्याला टेकल्या आहेत, आणि हा अकोल्याचा कॉम्प्युटरवाला किशोर आम्हाला खुर्ची विकून राहिला! मी काही कोणाचं वाईट बोलत नाही हो, पण शी!

तुम्हाला सांगते, हे कार्डाचं भूत आमच्या घरात शिरलं ते शेखरभाऊंमुळे. शेखरभाऊ म्हणजे आमच्याच गावातले दुसरे मंडपवाले. पूर्वी कसं होतं, पार्टी यायची, आम्ही अल्बम दाखवायचो, पार्टी बोट ठेवायची, "हे झुंबर, हा गुलाबी पडदा," चहा प्यायची, इसार द्यायची... झालं! मग शेखरभाऊंनी कॉम्प्युटरवर लग्नाआधीच लग्न दाखवायला सुरुवात केली. स्टेज फिरतो, झुंबर चमकतं, नवरी चालत येते... आमच्या निम्म्या पार्ट्या तिकडे! गोवर्धनभाऊंच्या पोरीचं लग्न तेवढं उरलं होतं, गावातलं सगळ्यात मोठं, त्याच्यावर आमचं वर्ष निघणार, आणि गोवर्धनभाऊ म्हणतात, "वहिनी, शेखरनं मले हलतं चित्र दाखवलं. तुमी रविवारपर्यंत दाखवा, नाही तं मी त्याले हो म्हणून टाकतो."

आमची प्रणाली अमरावतीला हेच शिकून आली आहे. ती म्हणे, "आई, चित्र मी बनवतो, पण आपल्या कॉम्प्युटरात ग्राफिक कार्ड नाही. चित्र हलवाले तेच लागते." मी म्हटलं, "अवं, मंग आणू की!" जशी काही कोथिंबिरीची जुडी आणायची होती!

आधी लॅपटॉप आणला, अमरावतीहून. दुकानदाराने स्टिकर दाखवलं. शेखरभाऊंच्या कॉम्प्युटरात जे कार्ड, तेच नाव, तोच नंबर. आम्ही खूश! प्रणालीने स्टेज फिरवला... अर्धा फिरला, आणि नवरी एक पाय उचलून तशीच उभी! लॅपटॉप असा तापला की वर भाकर टाकावी, आतला पंखा असा घुरघुरला जसं अंगणात थ्रेशर लागलं. परत नेला तर दुकानदार हसतो! "काकू, लॅपटॉपमधल्याचं नाव तेच असते, ताकद कमी असते. डेस्कटॉपवालं वेगळं." अरे, मग नाव वेगळं ठेवा ना बाबा! आम्ही वीस फुटी स्टेज सांगून बारा फुटी बांधला तर नवरदेवाचे मामा आम्हाला जेवून जाऊ देतील का? पैसे कापून-कुपून परत घेतला एकदाचा. मी काही कोणाचं वाईट बोलत नाही हो, पण शी!

मग अकोला. कार्डाचा भाव विचारला तर किशोर म्हणतो, "सकाळचा सांगू का आताचा?" बाजार समितीत तुरीचा भाव तरी दिवसभर टिकतो हो! "काकू, ते एआयवाले सारा माल उचलून राहिले. आज घ्या, उद्या हेही भेटणार नाही." आमचे हे, भगवंतराव, शांत माणूस. ते म्हणाले, "मंग दुसऱ्या कंपनीचं दे." त्याने खोके मांडले. एकावर वाघ, एकावर राक्षस, एकावर तलवार घेतलेली बाई! आणि म्हणतो, "काका, कंपन्या लय आहेत, पण आतला मेंदू बनवणारे जगात दोन-तीनच." म्हणजे खोके रंगीबेरंगी, आतला माल त्याच दोन-तीन घरचा! आणि मग ती खुर्ची. ह्यांचा पारा चढला. खताच्या दुकानात डीएपीच्या पोत्यासोबत नको त्या औषधाची बाटली गळ्यात मारतात, तेच हे! "काहून रे, म्या डीएपी मागतलं का तुले, बाटली गळ्यात माराले?" तर किशोर रडवेला. "काका, माह्या गळ्यात वरच्या व्यापाऱ्यानं मारली, मी तुमच्या गळ्यात मारून राहिलो. मी कोणाच्या मारू?" आता अशा माणसावर रागावता तरी येतं का?

घेतलं. खुर्चीसकट घेतलं. रविवार काय आमच्यासाठी थांबणार होता? घरी डबा चालू केला, तर आतल्या पंख्यांना लाल-हिरव्या लायटी! बिलावर लिहिलेलं, लायटिंग फ्री. अरे, ह्यांच्या आजोबांपासून आम्ही लायटिंगवाले, आणि आम्हाला लायटिंग! शी, शी!

पण खरं सांगते, रविवारी गोवर्धनभाऊ आणि त्यांच्या सीमावहिनी आल्या, प्रणालीने चित्र लावलं... आणि नवरी चालली हो! न अडखळता चालली. पडदे हलले, झुंबर लखलखलं, वरून पाकळ्या पडल्या. सीमावहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी मनात म्हटलं, चला, जीव भांड्यात पडला.

गोवर्धनभाऊ म्हणाले, "वहिनी, काम पक्कं, तुमालेच." मी हात जोडले. "पण मी काय म्हणतो, एवढं सुंदर यातच दिसून राहिलं, तं कपडा, झुंबर, फुलं पाहिजे कायले? स्टेजच्या मांगं मोठी स्क्रीन लावा अन् हेच चालू ठेवा! कपड्याले सुरकुत्या पडतात."

ऐकलंत? ज्या पडद्यांसाठी कार्ड आणलं, ते पडदेच कार्डानं खाल्ले! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी गोडाऊनकडे पाहिलं... पण एवढं मोठं लग्न हातचं सोडायचं का? हो म्हटलं.

मोठ्या स्क्रीन भाड्याने देणारे नईमभाई, त्यांना बोलावलं. भला माणूस. चित्र पाहिलं, "वा बेटी!" म्हणाले, मग डब्यात वाकून कार्ड पाहिलं, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे पाहतो ना, तसं माझ्याकडे पाहिलं. "भाभी, चित्र एक नंबर हाय. पण एवढी मोठी स्क्रीन, अन् लग्नभर हलतं ठेवाचं... या कार्डाचा दम निघून जाईन. याच्याहून मोठं लागन."

मी काहीच बोलले नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही. गेले आत आणि शेखरभाऊंना फोन लावला. म्हटलं, आता कसला मान आणि कसलं काय! "भाऊ, आमचे सारे पडदे घेता का? चांगले आहेत, सॅटिनचे. नवीन कार्ड घ्यायचं आहे."

 मग शेखरभाऊ म्हणाले, "वहिनी... मी तुमालेच फोन लावणार होतो. माह्ये घेता का?"