स्पीकरला दिलेली सवड

मंडळी, आज देवाआधी तुम्हालाच विचारतो. नवा आवाज घरात आला, तर त्याला किती सवड द्यायची? पहिल्या सुराला नाक मुरडायचं, की थांबायचं? — मागच्या काकू मान हलवतायत. काकू, थांबा! सोपं नाही ते!

ऐका. चिपळूणला अनंतराव खातू म्हणून एक गृहस्थ. बँकेतून निवृत्त, गाण्याचे वेडे. कान असा तिखट, की आपल्या देवळातला हा भोंगा ऐकला असता तर बिचारे गाभाऱ्यातच लपले असते! तर या अनंतरावांनी आणले स्पीकर. थेट परदेशी! माणसाच्या छातीइतके उंच! किंमत विचारू नका, कीर्तनात पाप बोलू नये.

वाजवले — आणि चेहरा पडला! गाणाऱ्या बाईचा वरचा सूर कानाला टोचतोय, तबल्याचा डग्गा पेटीत कोंडल्यासारखा! लगेच दुकानदाराला फोन. "अहो, हे काय दिलंत?"

दुकानदार हसला. "काका, कोरे आहेत ते. आतला पडदा अजून ताठ आहे. महिना-दीड महिना वाजत ठेवा. कोणी ऐको न ऐको, वाजत ठेवा. मोकळे होतील."

आमचे तबलजी बघा कसे हसतायत! कातड्याची नवी पुडी चढवली की तबला लगेच बोलतो का हो, बुवा? नाही ना!

झालं! अनंतरावांनी नेमच धरला. सकाळी पूजा, मग स्पीकर. बाजारात निघाले की सुनेला सांगायचे, "प्रणिता, बंद करू नकोस हं. आज जरा सैल वाटतोय!" तान्ह्या पोराचं करावं तसं कौतुक! आणि तो टोचरा आवाज दिवसभर सोसला कोणी? तिनं! शेंगा सोलत, त्याच खोलीत बसून.

आता ही प्रणिता कोण? यवतमाळकडची. त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. बापाच्या शेतावर, खंजिरीवर भजनं म्हणत वाढलेली. गळा असा मोकळा, की या बांधावरून त्या बांधाला ऐकू जावा. सासरचा पहिला गणपती. आरती झाली, कोणी म्हणालं, सूनबाई, म्हणा काहीतरी. पोरीनं डोळे मिटले आणि भजन उचललं — रानातल्यासारखं!

पहिलं कडवंही झालं नव्हतं. अनंतराव म्हणाले, "सूनबाई, हळू! घर आहे हे, रान नव्हे!"

पाहुणे हसले. मंडळी, वाईट मनानं नाही हसले. आपण हसतो ना, तसेच! ती पण हसली. प्रसाद वाटायला उठली. आणि त्यानंतर त्या घरात तिचा सूर कोणी ऐकला नाही. आणि दुःख याचं, की तो थांबलाय हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही!

इकडे स्पीकर मोकळे झाले! गुढीपाडव्याला पाहुणे बोलावले. तंबोरा असा भरून आला, की अनंतरावांचे डोळे पाणावले. म्हणाले, "बघा! धीर धरला म्हणून हे मिळालं!"

एक म्हातारे पाहुणे होते, गणपतीतलेच. म्हणाले, "अनंता, हे स्पीकर खरंच बदलले, की तुझा कान रुळला?"

"काय की! पण रोज ऐकलं, एवढं खरं."

"बरं, ती तुझी सून गायची ना? तिचंही होऊ दे."

प्रणिता पन्ह्याचे पेले घेऊन उभी. अनंतराव हौसेनं म्हणाले, "म्हण गं, ते गणपतीतलं!" तिनं तबक ठेवलं. तोंड उघडलं. आणि आवाज आला — बारीक. चोरटा. दुसऱ्या ओळीला थांबली. आपल्या माहेरच्या वऱ्हाडी बोलीत सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, आता निघतच नाही घशातून. मनातल्या मनात म्हणतो मी. बाहेर येतच नाही ते."

अनंतराव उठले आणि स्पीकर बंद केले. सुनेसमोर हात जोडून म्हणाले, "पोरी, या लाकडाला मी सवड दिली गं. तुला एक कडवंसुद्धा दिलं नाही."

मंडळी, तेव्हापासून रोज पूजेनंतर अनंतराव स्पीकर न लावता नुसते बसतात. ती म्हणते, चुकते, थांबते. ते हूं की चूं करत नाहीत. पण तो बांधावरून जाणारा गळा? गेला तो! देवाच्या मनात असेल तर येईल. अजून आलेला नाही. आणि अनंतरावांना ते रोज ऐकावं लागतं.

आता घरी जाऊन स्पीकर शोधू नका! तुमच्या घरात कोण गप्प झालंय, ते शोधा. केव्हापासून? कोणाच्या हसण्यानं? आठवतंय का?

चला, नाम घेऊ. आज कोणीतरी बऱ्याच वर्षांनी तोंड उघडेल. कदाचित तुमच्या शेजारीच बसलं असेल. सूर चुकला, तर वळून बघू नका.