धुकेदेशाच्या राणीची गोष्ट

लुचका : नाही देणार किल्ली! तूच लिहिलंयस ना पोलोनाआत्या, कुणी गेल्याचं मधमाश्यांच्या कानी घातलं की ते पक्कं होतं?

पोलोना : अगं, ते माझ्या पुस्तकातल्या धुकेदेशात. आपल्या स्लोव्हेनियात नव्हे. ऊठ बाळा, मधमाश्यांच्या खोलीच्या दारातून. घंटा झाली की आजोबांना चर्चमध्ये नेतील. त्याआधी माश्यांना सांगायला हवं, मालक गेले म्हणून.

लुचका : नाही सांगितलं तर?

पोलोना : रुसतात. पेट्या सोडून निघून जातात म्हणे. आणि आजोबांनी पेट्या तुझ्या स्वाधीन केल्यात. तेव्हा सांगायचंही तूच.

लुचका : तुझ्या राणीने कुठे सांगितलं? तोंड मिटून बसली, म्हणून तर मेलेला राजा रोज जेवायला यायचा!

पोलोना : यायचा खरा.

लुचका : पुढे काय झालं?

पोलोना : पुढे... तिथे प्रकरण संपलं.

लुचका : ते मला पाठ आहे. राजा जेवायचा का पण?

पोलोना : नाही गं. पानावर बसायचा, घास काही उचलायचा नाही.

लुचका : बोलायचा?

पोलोना : दाराकडे बघत राहायचा.

लुचका : हे तू आत्ता रचतेयस!

पोलोना : आत्ताच रचतेय. शुक्रवारचा उपास आहे माझा, खोटं कशाला बोलू?

लुचका : उपास नसला की बोलतेस?

पोलोना : चावट!

लुचका : म्हणजे आधीचीही रचलेलीच. मग खोटीच की!

पोलोना : रचलेली आहे. पण तुझी आजी गेली ना, तेव्हा मलाही वाटलं होतं, कुणाला सांगूच नये. सांगितलं नाही तर कदाचित... ते वाटणं कुठे खोटं होतं?

लुचका : तेव्हा माश्यांना कुणी सांगितलं?

पोलोना : आजोबांनी. याच दारात. त्यांनाही सांगावंसं वाटत नव्हतं. तरी सांगितलं.

लुचका : आत्या, राजाच्या माश्या गेल्या का गं सोडून?

पोलोना : मला नाही ठाऊक. तूच सांग.

लुचका : नाही गेल्या. वाट बघत बसल्या. राजा रोज सकाळी शिट्टी वाजवायचा ना, आपल्या आजोबांसारखी. ती ऐकल्याशिवाय फुलांकडे जाईचनात.

पोलोना : अगं बाई! मग?

लुचका : मग उपाशी राहिल्या. तुझ्यासारखा उपास नव्हे, खरंखुरं उपाशी. राणीच्या जिवाला ते लागलं.

पोलोना : आणि राजाचं काय?

लुचका : तो दाराकडे बघत होता ना? त्याला जायचंच होतं. कुणी दार उघडेना.

पोलोना : लुचका, हे माझ्या पुस्तकात घालू?

लुचका : घाल. आधी सांग, माश्यांना हाक द्यायला पेटीवर टकटक कशी करायची?

पोलोना : हळूच, बोटाच्या पेराने. अस्वलाचं चित्र रंगवलंय ना, त्या पेटीपासून. ती आजोबांची लाडकी.

लुचका : (कुलूप उघडून, पेटीवर टकटक करत) माश्यांनो, आजोबा गेले. आता मी आहे. मला शिट्टी अजून नीट येत नाही.