इंग्रिडची चौथी हरकत

नाही हो मिस्टर लिंडक्विस्ट, घाबरली-बिबरली नव्हती तुमची मुलगी — बसा ना इथं बाकावर, कोर्ट आता रिकामंच आहे — अकरा वर्षं मी शाळेच्या पोरांकडून हे अभिरूप खटले बसवून घेतेय, घाबरलेलं पोर मला लांबून ओळखू येतं. एका गुणानं हरलो. एका! राज्याच्या फेरीला गेलो असतो! तुम्ही मागंच होता, ऐकलंत ना त्यांचा साक्षीदार काय म्हणाला? 'रखवालदारानं मला सांगितलं, बेकरीला आग लागली तेव्हा आरोपीच्या हातात पेट्रोलचा डबा होता.' अहो, पण रखवालदार कुठंय? साक्षीला आलाच नाही! मग उलटतपासणी कुणाची घ्यायची, हवेची? असलं सांगोवांगीचं बोलणं पुराव्यात चालत नाही — पण वकिलानं तिथल्या तिथं उठून हरकत घ्यायला हवी, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानात गेलं ते गेलंच. इंग्रिडला हा नियम झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल.

मग का नाही घेतली? का म्हणजे — आधीच्या तीन हरकती न्यायाधीशांनी फेटाळल्या होत्या तिच्या, तिसऱ्या वेळी तर चष्मा काढून बघितलं त्यांनी — ते बघणं मला चांगलं माहितीय, मी वकिली करायचे तेव्हा माझ्याकडेही असंच बघायचे, आणि मी आपली खाली बसायचे, बसता बसता शेवटी शाळेत येऊन बसले — जाऊ दे, तो विषय नाही आपला.

काय? उठली होती? हो... अर्धी उठली होती. पाहिलंत तुम्ही. मग बसली. तुम्हाला काय म्हणाली ती? काहीच नाही? माझ्याबद्दलसुद्धा नाही?

मी मान हलवली, मिस्टर लिंडक्विस्ट. एवढीशीच. 'नको' म्हणून. खटला चालू असताना कोचनं साधी खूणसुद्धा करायची नाही — मीच पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते हे! आणि ती पोर तिकडं गाडीत बसून रडतेय, मघाशी तीनदा मला 'सॉरी' म्हणाली, आणि मी काय म्हणाले? 'पुढच्या वेळी सावध राहा.' म्हणाले मी असं! तिला!

नाही, माझी समजूत घालू नका. आयोजक आत कागद आवरतायत अजून, मी जाऊन त्यांना सांगते, खूण मी केली म्हणून. हो, काढतील मला, काढू देत. तुम्ही तिच्याजवळ जा. अहो, बघत काय बसलात — जा ना!