टेबलावरची गोधडी

माझे वडील जंगलात फॉरेस्ट गार्ड होते, तेव्हाचं सांगतो. साहेब बायकोसोबत दौऱ्यावर आले की मोहाच्या झाडाखाली टेबल मांडून जेवायचे. टेबल फार खडबडीत, म्हणून आईने त्यावर टाकायला बारीक टाक्यांची छोटी गोधडी शिवली.

एकदा जेवणानंतर बाईसाहेब म्हणाल्या, "किती सुरेख आहे हो!"

आई काही बोलणार, तोच वडील म्हणाले, "घेऊन जा ना, बाईसाहेब!"

जीप गेली. आई तिथंच उभी.

"माह्या मेलेल्या मायचं लुगडं होतं ते. फाटलं, म्हणून गोधडीत शिवून जपलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलू कुठी देल्लं?"

वडील जीपमागे नाक्यापर्यंत धावले आणि रिकाम्या हातांनी परतले. पुढे घरातली साधी वाटीही कुणाला देताना ते आधी आईकडे बघायचे.