कोंडाआबाची लाथ

—आन् खोटं न्हाई सांगत, बजरंगा, उभ्या मावळात माझ्याइतक्या कमरा कुणी सरळ केल्या नसतील. चारेकशे तरी! आता त्यातल्या निम्म्या दुसऱ्या दिवशी परत वाकल्या, आन् उरलेल्या निम्म्या आपल्या आपण सरळ झाल्या असत्या, ती गोष्ट निराळी. पण लाथ कोंडाआबाचीच ना? — हसलास? न्हाई. गुंगीत हाईस अजून. ती नर्सबाई सांगून गेली, आपरेशन झालंय, पेशंट पुरता जागा होईस्तवर त्याच्याशी बोलत ऱ्हावा. मी म्हणलं, बाई, बोलायला मला सांगायचं म्हंजी बेडकाला डराव म्हणून सांगायचं. तर तिनं नाक मुरडलं — असं — लोणावळ्याच्या बाया नाकसुदीक इंग्रजीत मुरडत्यात.

तुझी बायकू झुंबर भायेर बाकड्यावर बसलीया. च्या घे म्हणलं तर घेईना. बोटं हलली का, एवढंच इचारते. हलव बघू. करंगळी — व्हय, हलली! आंगठा? असू दे, असू दे. सहा आठवडं प्लास्टर, मग कळंल म्हणं. रुळाचा लिव्हर वढता आला तर तू रेल्वेचा सांधेवाला, गाड्या तुझ्या हातावर रूळ बदलणार. न्हाई आला तर — न्हाई कसा येईल? ह्यो डाक्टर लढाईवर सोल्जरांचं हात शिवून आलाय. दाराआडून ऐकलं मी सगळं. तुझ्याच कोपराखालची एक शीर काढली त्यानं — ती नसली तरी चालतं म्हणं, काही माणसांना जन्मापास्नं नसतीच — आन् आंगठ्याच्या हाडांना भोकं पाडून त्यातनं ववली. जुवाला जुपणीची दोरी बांधावी तसं हाडाला हाड बांधलं, बघ. आन् म्हणला, हितली मूळची दोरी आधी अर्धीच तुटली व्हती, लिव्हर उलटा आला तवा. फळकूट बांधून गप ठेवली असती तर जुळली असती. मग कुणीतरी वढून ती पुरी तोडली.

कुणीतरी.

दोन म्हयनं झालं, न्हाई का? आंगठा वांग्यायेवढा सुजलाता. रेल्वेचा डाक्टर अनफिट लिवंल म्हणून तू त्याच्याकडं गेला न्हाईस, औंढ्याला येऊन माझ्या वट्यावर बसलास. मी तुझ्या मनगटावर टाच ठेवली, दोनी हातांनी आंगठा धरला, आन् दिला हिसका. कट्‌कन वाजलं! समदी वरडली — बसला, बसला! मीबी वरडलो. तू पांढराफटक पडलास, तर मी म्हणलं, नवरीसारखा रडतोस काय? लय हसली लोकं. — ते बसल्याचं वाजलं नव्हतं रं. तुटल्याचं वाजलं व्हतं.

आन् लाथेचं म्हणशील — पायाकडनं जन्मलेल्या माणसाची लाथ बसली की उसण पळती, म्हणून येता ना तुमी माझ्याकडं? मी पायाळू न्हाईच. डोक्याकडनं आलो, चारचौघांसारखा. तिसरीत व्हतो — तिथनं फुडं मी शाळंचं आन् शाळंनं माझं तोंड बघितलं न्हाई — मास्तर लय मारायचा. एकदा त्याच्या कमरंत उसण भरली, खुर्ची धरून वाकडा हुबा. मी म्हणलं, मास्तर, मी पायाळू हाय. आन् घातली की लाथ! साऱ्या वर्गादेखत! जन्मात तेवढी एकच मनापास्नं घातली. आन् मास्तर सरळ झाला, बजरंगा. तितंच घात झाला. दुसऱ्या दिवशी पाटील कंबर धरून दारात, तिसऱ्या दिवशी टाकव्याची बैलगाडी. आय म्हणली, कोंड्या, लोकं नारळ आणत्यात, आता गप ऱ्हा. आय गेली, सुईण गेली. आता ह्ये मला एकट्यालाच ठावं. साठ वर्सं कमरांशी खेळलो, कुणाचं वाकडं झालं न्हाई. मग हाताला कशाला लागलो मी? — समदी बघत व्हती म्हणून. दुसरं काय न्हाई. बघत व्हती म्हणून.

बोलतोय म्हणून मनाला लावून घेऊ नगंस. खालचा पट्ट्या बांधणारा ड्रेसर म्हणला, गुंगीत ऐकलेलं माणसाला आठवत न्हाई. म्हणून तर तोंड उघडलं. — आन् डाक्टरनं तुला इचारलं असंल ना, हात कुणी वढला म्हणून? मी तवा नेमका पायरीवर तंबाखू मळत व्हतो. नेमका कसला, मुद्दाम. काय सांगितलंस? माझं नाव घ्यायचं व्हतंस. न्हाई — नगं — म्हंजी घेतलं असलंस तरी — बजरंगा? डोळं कवा उघडलंस?

"तीनदा इचारलं, आबा. पडलो म्हणून सांगितलं. पायाळू माणसाचं नाव घेतलं तर हात कायमचा जाईल, असं भ्या वाटलं."