कंटाळ्याला व्रत नाही

श्रवणबेळगोळहून हासनला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी जैन सासू आणि तिची सून बसल्या होत्या.

“अत्ते, मला बाहेर बसवून मुनिमहाराजांशी एवढं काय बोललात?”

“सल्लेखना मागितली.”

“अन्नपाणी सोडून देह ठेवायचा? आणि मला विचारलंही नाहीत!”

“विचारलं असतं तर रडत बसली असतीस.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, आजार कोणता? मी म्हटलं, आजार नाही, कंटाळा आलाय.”

“निदान खरं तरी बोललात.”

“खरं बोलूनच फसले. म्हणाले, चंद्रगिरी टेकडीच्या खडकावर तेराशे वर्षांपूर्वीची नावं कोरलीत, हे व्रत घेऊन गेलेल्यांची. त्यात कंटाळून गेलेला एकही नाही. घरी जा आणि जेवा.”

“कंटाळा कुणाचा? माझा?”

“तुझा, गुडघ्यांचा, त्या टीव्हीचा. सगळ्याचाच, विमले.”

“मलाही येतो हो. मी कुणाकडे काय मागू?”

सुनेने पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला.

“दिवस मावळत आला, अत्ते. डब्यात इडल्या आहेत. घरी पोचेपर्यंत अंधार पडेल, मग सकाळपर्यंत तोंडात काही घालता यायचं नाही.”

“मला नको. तू खा.”

“तुमच्या आधी मी कधी जेवलेय?”

“कधीच नाही?”

“एकतीस वर्षांत एकदाही नाही.”

“सूर्य कुठवर आलाय, बघ.”

“माडांच्या बुंध्याशी टेकलाय.”

“मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? उघड तो डबा.”